दम लागतो, पण कशामुळे?

श्वासाच्या जवळपास प्रत्येक तक्रारीवर 'दमा' असा शिक्का मारून उपचार सुरू करण्याची रीत विदर्भात खोलवर रुजली आहे. नागपूरची हवा, इथले व्यवसाय आणि इथले रोग पाहता या एका शब्दात किमान आठ-दहा निरनिराळे विकार दडलेले असू शकतात. ते वेगळे ओळखण्याची साधने स्वस्त आहेत. ती रुग्णापर्यंत पोहोचत नाहीत, ही खरी अडचण आहे.

दिवाळी सरली, की नागपूरच्या हवेत पहाटे धुक्यासारखा दिसणारा, पण निव्वळ धुके नसलेला एक थर उतरतो. थंडीत जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच अडकून पडते आणि वाहनांचा धूर, रस्त्यांवरची धूळ, शेकोट्या, जळणारा कचरा व उत्तरेकडील वीज केंद्रांची धुराडी यांतून आलेले सूक्ष्म कण त्या हवेतच घुटमळत राहतात. याच दिवसांत मेडिकल, मेयो आणि गल्लोगल्लीच्या खासगी दवाखान्यांत धाप लागणाऱ्यांची व छातीतून शिट्टीसारखा आवाज येणाऱ्यांची संख्या वाढते. त्यांतील बऱ्याच जणांना एकच शब्द ऐकवला जातो, तो म्हणजे 'दमा'. मग एक इंजेक्शन, चार दिवसांच्या गोळ्या, थोडा आराम आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तीच रांग. हे चक्र काहींच्या बाबतीत दहा-दहा वर्षे चालते. आपल्याला नेमके काय झाले आहे, हा प्रश्न त्या दहा वर्षांत कोणी गंभीरपणे विचारलेलाच नसतो.

प्रौढ माणसाला सतत धाप लागणे आणि छातीत घरघर होणे हे लक्षण आहे, रोग नव्हे. ताप हा जसा स्वतंत्र रोग नाही, तो मलेरियाने येतो की विषमज्वराने हे शोधावे लागते, तसेच घरघरीचेही आहे. श्वासनलिका कुठेतरी अरुंद झाली आहे, एवढेच ती सांगते. ती नलिका आतून सुजली आहे, कायमची आखडली आहे, बाहेरून दाबली गेली आहे, तिच्यात काही अडकले आहे, की दोष फुफ्फुसात नसून हृदयात आहे, हे त्या आवाजावरून ठरवता येत नाही. तापाच्या बाबतीत रक्त तपासण्याची सवय समाजाला लागली. श्वासाच्या बाबतीत मात्र स्टेथोस्कोप छातीला लावला, की निदान पूर्ण झाले असे मानले जाते.

प्रश्नाचा आवाका

हा प्रश्न मूठभरांचा नाही. देशभरातील रोगभाराच्या अभ्यासानुसार भारतात १९९० साली श्वासमार्गाच्या दीर्घकालीन अडथळ्याचे, म्हणजे सीओपीडीचे, सुमारे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते. २०१६ मध्ये हा आकडा ५ कोटी ५३ लाखांवर गेला. दम्याच्या रुग्णांची संख्या त्याच वर्षी ३ कोटी ७९ लाख होती. जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात असताना दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात, असे जागतिक अंदाज सांगतात. रुग्णांच्या वाट्याच्या तिप्पट मृत्यूंचा वाटा ज्या देशाकडे येतो, तेथे रोग अधिक जहाल आहे असे मानण्यापेक्षा निदान उशिरा किंवा चुकीचे होते आणि उपचार अपुरे पडतात, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरेल.

पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशातील ८८० शहरे व गावांमधील डॉक्टरांकडे आलेल्या २ लाखांहून अधिक रुग्णांची नोंद केली होती. त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्णांना श्वसनाशी संबंधित काही ना काही तक्रार होती. म्हणजे सामान्य दवाखान्यात येणारा दर दुसरा माणूस श्वासाची तक्रार घेऊन येतो. तरीही त्या दवाखान्यात रक्तदाब मोजण्याचे यंत्र असते, साखर तपासण्याची पट्टी असते. फुंकर मोजण्याचे साधन बहुधा नसते.

निदानातील ही ढिलाई केवळ आपल्याकडे आहे असेही नाही. कॅनडामध्ये आधीच्या पाच वर्षांत डॉक्टरांनी दमा असल्याचे सांगितलेल्या ६१३ प्रौढांची काटेकोर तपासणी करण्यात आली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २०३ जणांना, म्हणजे तिघांपैकी एकाला, तपासणीच्या वेळी दमा नसल्याचे आढळले. काहींचा दमा मधल्या काळात ओसरला असेल. काहींना तो कधी नव्हताच. बारा जणांच्या बाबतीत तर दम्याच्या नावाखाली हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा अन्य गंभीर आजार झाकला गेला होता. ज्यांचे निदान खोटे ठरले, त्यांच्यात सुरुवातीला फुंकर-चाचणी झालेल्यांचे प्रमाण कमी होते, हा त्या अभ्यासातील सर्वांत बोलका भाग होय. सुसज्ज आरोग्यव्यवस्थेच्या देशात हे घडत असेल, तर जेथे चाचणी हाच अपवाद आहे तेथे काय होत असेल, याचा अंदाज बांधणे कठीण नाही.

एक शब्द, दोन रोग

मराठीतील 'दमा' हा शब्द दोन वेगळ्या विकारांना सरसकट लावला जातो. त्यातील पहिला खरा दमा. त्यात श्वासनलिकांना सूज असते, त्या चटकन आकसतात आणि पुन्हा मोकळ्या होतात. त्रास येतो-जातो, रात्री व पहाटे वाढतो, ऋतुबदल, धूळ, परागकण, सर्दी यांनी उचल खातो. मधल्या काळात माणूस अगदी ठणठणीत असू शकतो. बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी सुरुवात होते, पण चाळिशीनंतरही तो प्रथमच उद्भवू शकतो.

दुसरा विकार सीओपीडी. यात नलिका कायमच्या अरुंद होतात, फुफ्फुसातील हवेचे सूक्ष्म कप्पे झिजतात. आधी जिना चढताना, मग सपाटीवर, पुढे अंघोळ करताना धाप लागते. त्रास दिवसागणिक फारसा बदलत नाही. वर्षागणिक वाढत जातो. विडी-सिगारेट हे त्याचे ठाऊक असलेले कारण, परंतु भारतात तेवढ्याने भागत नाही. २०१६ च्या अंदाजानुसार सीओपीडीमुळे होणाऱ्या आयुष्याच्या हानीपैकी निम्म्याहून अधिक हानीचे खापर घरातील व बाहेरील प्रदूषित हवेवर फोडावे लागते. तंबाखूचा वाटा सुमारे एक चतुर्थांश आहे. रामटेक, पारशिवनी, भिवापूर, कुही या तालुक्यांतील ज्या स्त्रीने आयुष्यात कधी विडी ओढली नाही, पण तीस वर्षे चुलीपुढे बसून फुंकणी फुंकली, तिच्या फुफ्फुसाची अवस्था पट्टीच्या विडीबाजासारखी होऊ शकते. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने घरात सिलिंडर आला. परंतु तो पुन्हा भरून घेणे परवडत नाही तेथे चूल विझलेली नाही. आणि ज्यांची विझली, त्यांच्या फुफ्फुसात आधीच झालेली झीज भरून येत नाही.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. खऱ्या दम्यात सूज उतरवणारे श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड हा उपचाराचा कणा आहे. दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक सूत्रांनी २०१९ मध्ये स्पष्ट केले, की प्रौढ दमेकऱ्याला केवळ नलिका तात्पुरती उघडणाऱ्या सालबुटामॉलवर ठेवू नये. त्याने क्षणिक आराम पडतो, पण आतील सूज तशीच राहते आणि प्राणघातक झटक्याचा धोका वाढतो. सीओपीडीत उलट नलिका दीर्घकाळ उघड्या ठेवणारी श्वासऔषधे हा मुख्य आधार असतो आणि स्टेरॉइड निवडक रुग्णांनाच द्यायचे असते. नाहक दिल्यास न्यूमोनियाचा धोका वाढतो. म्हणजे नाव चुकले, की औषधही चुकते.

फुंकरीचे गणित

हा भेद ओळखण्याचे साधन नवे नाही. लंडनमधील जॉन हचिन्सन या डॉक्टराने १८४६ साली फुफ्फुसाची क्षमता मोजणाऱ्या स्पायरोमीटरची माहिती जगापुढे मांडली. आजचे उपकरण तळहातावर मावते. रुग्णाने छाती भरून श्वास घ्यायचा आणि जोर लावून, थांबेपर्यंत सोडायचा. एकूण किती हवा बाहेर पडली आणि त्यातील किती पहिल्या एका सेकंदात पडली, हे यंत्र मोजते. पहिल्या सेकंदातील हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर नलिकेत अडथळा आहे. मग नलिका उघडणारे औषध श्वासावाटे देऊन काही मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदातील हवा १२ टक्क्यांनी आणि किमान २०० मिलिलिटरने वाढली, तर अडथळा सुटणारा आहे, म्हणजे कल दम्याकडे आहे. औषधानंतरही प्रमाण ७० टक्क्यांखालीच राहिले, तर सीओपीडीचा विचार बळावतो. दोन्ही आकडे सारख्याच प्रमाणात घटले असतील, तर नलिकेपेक्षा फुफ्फुसाचा स्पंजच कडक झाला असावा, अशी शंका घेऊन पुढील तपासण्या कराव्या लागतात.

या चाचणीलाही मर्यादा आहेत. दमेकरी बरा असताना फुंकला, तर निकाल अगदी उत्तम येऊ शकतो. तेवढ्यावरून दमा नाही असे म्हणता येत नाही. अशा वेळी काही शे रुपयांना मिळणारा पीक फ्लो मीटर उपयोगी पडतो. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडे वहीत लिहायचे. दिवसभरातील चढउतार सरासरीने १० टक्क्यांहून अधिक असेल, तर दम्याच्या निदानाला भक्कम आधार मिळतो. कामगाराने कामाच्या आणि सुटीच्या दिवसांचे आकडे वेगवेगळे लिहिले, तर कारखान्यातील हवाच दोषी आहे काय, हेही त्या वहीतून कळते. वीज नको, तंत्रज्ञ नको. तरीही हे साधन विदर्भातील किती घरांत दिसते?

विदर्भाची स्वतःची कारणे

दमा आणि सीओपीडी ही दोन नावे बाजूला काढली, तरी शोध संपत नाही. प्रत्येक प्रदेशाची म्हणून काही कारणे असतात, आणि बाहेरच्या पाठ्यपुस्तकात ती तळटीपेत गेलेली असली तरी येथे ती पहिल्या पानावर हवीत.

त्यातील पहिले कारण हत्तीरोगाचे. नागपूरसह पूर्व विदर्भातील जिल्हे हत्तीरोगग्रस्त म्हणून परिचित आहेत. आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेन्डाझोल या तीन औषधांची एकत्रित मात्रा सामूहिकपणे देण्याची मोहीम देशात प्रथम ज्या पाच जिल्ह्यांत राबवण्यात आली, त्यांत नागपूर होते. या रोगाच्या सूक्ष्म कृमींना काही जणांचे शरीर तीव्र प्रतिक्रिया देते. पाय सुजत नाही. रात्री कोरड्या खोकल्याची ढास लागते, घरघर होते, वजन घटते. हुबेहूब दमा. १९४० मध्ये मदनपल्लीच्या क्षयरोग सॅनेटोरियममधील फ्रिमॉट-म्यूलर आणि बार्टन यांनी क्षयासारख्या भासणाऱ्या, पण क्षय नसलेल्या अशा रुग्णांचे वर्णन केले. पुढे या विकाराला 'ट्रॉपिकल ईओसिनोफिलिया' हे नाव मिळाले. रक्तातील ईओसिनोफिल पेशी प्रति मायक्रोलिटर ३,००० च्या वर जाणे ही त्याची ठळक खूण. रात्री घेतलेल्या रक्तनमुन्यात कृमी सहसा दिसत नाहीत, त्यामुळे तो नमुना निर्दोष आला म्हणून हा विकार नाही, असे ठरत नाही. डीईसी हे स्वस्त औषध साधारण तीन आठवडे दिले, की बहुतेक रुग्ण बरे होतात. मात्र निदानापूर्वीच स्टेरॉइड दिले, तर या पेशींची संख्या खाली येते आणि सुगावाच पुसला जातो. म्हणून साधी रक्तचाचणी स्टेरॉइडच्या आधी व्हायला हवी, नंतर नव्हे.

दुसरे कारण क्षयरोगाचे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. जंतू मरतात, कार्ड बंद होते, रुग्ण 'बरा' म्हणून नोंदला जातो. पण व्रण पडलेले फुफ्फुस व वेड्यावाकड्या झालेल्या नलिका मागे राहतात. अशा माणसाला वर्षांनंतर धाप लागू लागते. त्याला पुन्हा क्षयाची औषधे देणे जितके चुकीचे, तितकेच त्याला दमेकरी म्हणून मोकळे होणेही. याउलट, बुरशीच्या प्रतिक्रियेने होणारा अस्परजिलोसिसचा एक प्रकार दम्याच्या रुग्णात क्ष-किरण चित्रावर क्षयासारखे डाग उमटवतो आणि असे रुग्ण महिनोन्महिने क्षयाची औषधे घेत राहतात. रक्तातील आयजीई हा घटक मोजला, तर वाट सापडते.

तिसरे कारण हृदयाचे. घशाच्या साध्या संसर्गातून होणारा संधिवाताचा ताप लहानपणी येऊन गेला, तर हृदयाची झडप अरुंद होते. पुढे तरुण वयात, विशेषतः गर्भारपणात, त्या स्त्रीला रात्री आडवे पडले की घुसमट होते. साठीतल्या मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णात हृदयाची ताकद कमी झाली, की फुफ्फुसात पाणी साचून घरघर ऐकू येते. पायांवर सूज आहे काय, उशा किती लागतात, झोपेतून उठून बसावे लागते काय, हे तीन प्रश्न आणि एक इसीजी व इको एवढ्याने दिशा कळते. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यातील रक्तक्षय आणि फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांवर येणारा ताण यांनीही धाप लागते. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. त्यात होणाऱ्या रक्तचाचणीचा निकाल धाप लागणाऱ्या रुग्णाच्या डॉक्टरपर्यंत पोहोचला, तरच त्याचा पूर्ण उपयोग होईल.

चौथे कारण घरातच असते. भारतातील २७ केंद्रांवरील १,०८४ रुग्णांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदवहीत फुफ्फुसाचा स्पंज कडक होण्याच्या विकारांत सर्वाधिक, म्हणजे निम्म्याच्या आसपास, रुग्ण अॅलर्जीजन्य दाहाचे निघाले. आणि त्यांच्याकडील संपर्कांत पक्ष्यांच्या बरोबरीने एअर कूलर ठळकपणे पुढे आला. ज्या शहरात मार्च ते जून घरोघरी कूलर घरघरतो, त्या नागपूरसाठी ही बाब दुर्लक्षून चालणारी नाही. ओल्या, वर्षानुवर्षे न बदललेल्या ताट्यांवर बुरशी वाढते व पंखा ती थेट खोलीत फेकतो. या विकारात शिट्टीपेक्षा कोरडा खोकला आणि वाढती धाप अधिक असते. वेळीच कारण दूर केले, तर झीज थांबू शकते. उशीर झाला, तर नाही. मुंबईतील कबुतरखान्यांचा वाद २०२५ मध्ये न्यायालयापर्यंत गेला, त्याच्याही मुळाशी हाच विकार होता.

खर्ऱ्याची सवय विदर्भाला नवी नाही. तिचा संबंध तोंडाच्या कर्करोगाशी जोडला जातो, तो योग्यच. पण सुपारीचा तुकडा ठसका लागून श्वासनलिकेत अडकतो आणि छातीच्या एकाच बाजूला घरघर सुरू होते, हेही घडते. एकाच बाजूची, एकाच जागची घरघर दम्याची नसते; तेथे अडकलेली वस्तू किंवा गाठ शोधावी लागते. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलोलचे थेंब, रक्तदाबाची काही औषधे किंवा वेदनाशामक गोळ्या यांनीही काहींच्या नलिका आकसतात. रुग्णाने औषधांची पिशवी सोबत नेली, तर हा उलगडा पाच मिनिटांत होतो.

व्यवसाय विचारला जात नाही

नागपूर हे गिरणीचे शहर होते. जमशेटजी टाटांनी उभारलेली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि २००२ मध्ये बंद पडली. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या विकाराची खूण अशी, की साप्ताहिक सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते. भोंगे थांबले, त्या पिढीतील कामगारांची फुफ्फुसे मात्र त्यांच्यासोबत म्हातारी झाली. कापूस पट्ट्यातील जिनिंगमध्ये आजही धूळ आहे. वेकोलिच्या कोळसा खाणी, मॅंगनीजच्या खाणी, गिट्टी खदानी, वीटभट्ट्या, हिंगणा व बुटीबोरीचे कारखाने या प्रत्येक ठिकाणी श्वासाचा वेगळा धोका आहे. सिलिकोसिस आणि बिसिनोसिस हे कळवणे बंधनकारक असलेले व्यवसायजन्य रोग म्हणून १९४८ च्या कारखाने अधिनियमात नोंदले गेले होते, आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही अशा रोगांची अनुसूची आहे. पण 'काम काय करता?' हा प्रश्नच दवाखान्यात विचारला गेला नाही, तर रोग नोंदला जाणार कसा आणि भरपाई मिळणार कशी? केसपेपरवर 'दमा' लिहिला गेला, की तो माणसाचा वैयक्तिक आजार ठरतो. 'सिलिकोसिस' लिहिला गेला, तर ती मालकाची जबाबदारी होते. एका शब्दाचे मोल येथे पैशांत मोजता येते.

हवेचा हिशेब

रोगनिदानाला हवेच्या निदानाची जोड लागते. नागपूरच्या उत्तर सीमेलगत कोराडी आणि खापरखेडा ही कोळशावरील वीज केंद्रे आहेत. कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन संच असून आणखी दोन संचांच्या प्रस्तावावर मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली, तेव्हा तीव्र विरोध नोंदवण्यात आला. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या राखेच्या बंधाऱ्याला खिंडार पडून राख शेतांत व नदीपात्रात गेली. धुराड्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड दमेकऱ्याच्या नलिका काही मिनिटांत आकसवतो आणि हवेत त्याचेच पुढे सूक्ष्म कण बनतात. हा वायू रोखणारी यंत्रणा बसवण्याचे बंधन केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये घातले. मुदत वारंवार वाढली आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूट मिळाली. दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आतील केंद्रांसाठी मात्र डिसेंबर २०२७ ची मुदत कायम आहे. नागपूरकरांनी लक्ष ठेवावे, अशी ही तारीख आहे.

सूक्ष्म कणांची, म्हणजे पीएम २.५ ची, भारतीय वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ वर आणली. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नागपूरचा समावेश आहे. सिव्हिल लाइन्स, रामनगर, महाल आणि अंबाझरी येथे हवा सतत मोजणारी केंद्रे आहेत. ही चारही ठिकाणे शहराच्या पोटात आहेत. धुराड्यांच्या सावलीतल्या वस्त्यांचा अंदाज त्यांच्यावरून बांधणे योग्य नव्हे. पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था, 'नीरी', ज्या शहरात आहे, तेथे हवेच्या नोंदी आणि रुग्णालयांतील श्वसनरुग्णांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहण्याची कायमस्वरूपी व्यवस्था असायला हरकत नसावी.

प्रश्न आहे, यंत्र नाही

विरोधाभास असा, की शासनाला हे सारे ठाऊक आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी आशा सेविकेने भरावयाच्या तपासणी अर्जात धाप लागते काय, स्वयंपाकाला कोणते इंधन वापरता, धूर-धुळीचे काम करता काय, हे प्रश्न छापलेले आहेत. उत्तर 'होय' आले, तर पुढे रक्तदाब व साखर मोजायची सोय जवळ आहे. फुंकर मोजण्याची सोय मात्र बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा खासगीत. आयुष्मान भारतसारख्या योजनांचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर असल्याने धाप प्राणावर बेतली की खर्च मिळतो, पण वेळीच निदान करणाऱ्या बाह्यरुग्ण चाचणीला मिळत नाही. शेवटी महाग तेच पडते.

डॉक्टरांची बाजूही समजून घ्यायला हवी. शंभर रुग्णांच्या रांगेत एकाला पंधरा मिनिटे फुंकायला शिकवणे सोपे नाही. रुग्णालाही तातडीचा आराम हवा असतो. 'पंपाची सवय लागते' या भीतीने तो श्वासऔषध नाकारतो आणि गोळी मागतो. वस्तुतः पंपातून मायक्रोग्रॅममध्ये औषध थेट नलिकेत जाते, तर गोळी मिलिग्रॅममध्ये साऱ्या शरीरात फिरते. वर्षानुवर्षे घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो, दबलेला क्षय डोके वर काढतो. निदानाची ही पोकळी मग इतर गोष्टी भरून काढतात. मृगाच्या मुहूर्तावर हैदराबादेत बथिनी कुटुंबाकडून मिळणाऱ्या माशासाठी लागणारी रांग किंवा कोजागरीच्या रात्री खिरीतून दिले जाणारे औषध यांची खिल्ली उडवून काही साधणार नाही. माणूस तेथे जातो, कारण दवाखान्याने त्याला उत्तर दिलेले नसते.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पीक फ्लो मीटर, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात स्पायरोमीटर व तो वापरणारी प्रशिक्षित परिचारिका. स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी छातीचा क्ष-किरण, ईओसिनोफिलसह रक्तचाचणी आणि गरज असल्यास थुंकीची तपासणी. केसपेपरवर व्यवसाय, इंधन व जुना क्षय यांसाठी तीन ठरावीक रकाने. आणि श्वासऔषधांचा अखंड पुरवठा, एवढ्याने चित्र पालटू शकते. मोठी इमारत बांधण्यापेक्षा हा खर्च कितीतरी कमी आहे. पण फीत कापण्याजोगे त्यात काही नाही, हीच बहुधा त्याची अडचण असावी.

रुग्णाच्या हातीही काही गोष्टी आहेत. तीन आठवड्यांहून अधिक खोकला, घरघर किंवा धाप असेल तर 'माझी फुंकर मोजली का?' असे विचारण्याचा त्याला हक्क आहे. थुंकीतून रक्त, वजनात घट, पायांवर सूज, एकाच बाजूची घरघर ही चिन्हे थांबण्याची नव्हेत. ओठ निळसर पडणे, एक वाक्य सलग बोलता न येणे, छातीत कळ येणे, अशा वेळी तर घटकाभरही न दवडता रुग्णालय गाठावे.

माणूस अन्नावाचून काही आठवडे आणि पाण्यावाचून काही दिवस तगतो; श्वासावाचून काही मिनिटेच. अन्नाच्या हक्काचा कायदा झाला, पाण्याच्या योजना झाल्या. श्वासाच्या बाबतीत मागणे फार लहान आहे. दम लागणाऱ्या प्रत्येकाला आपला दम कशामुळे लागतो, हे एकदा तरी मोजून सांगितले जावे. कोळसा, कापूस आणि चुलीच्या धुरात ज्या पिढ्यांनी विदर्भ उभा केला, त्यांना एवढे उत्तर मिळायलाच हवे.